आपल्यात चालत नाही

आई,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर तुमचा फोटो होता, आणि जुन्या चाळीतली उरलेली माणसं एकेक करून उठून तुमच्याबद्दल चांगलं बोलत होती. तुमच्या खानावळीतून कुणी उपाशी उठलं नाही, गिरणी संपाच्या काळातसुद्धा नाही. तुमच्या हातच्या माशांच्या तिखल्याची चव अजून जिभेवर आहे. सावंतकाका तर बोलता बोलता रडले. मग सेक्रेटरी माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्रोफेसर. सासूबाईंबद्दल दोन शब्द तुम्ही बोलायलाच हवेत."

माझं डोकं दुखतंय, असं मी सांगितलं. महेशने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, बायकोला रडू आवरत नाहीये. मला आवरत नव्हते ते शब्द. तिथे तोंड उघडलं असतं तर तुमच्या फोटोसमोर बसलेल्यांना उठून जावं लागलं असतं.

म्हणून इथे बोलते. माझं लिहिलेलं तुम्ही कधी वाचलं नाहीत. "तू लिवतंस तां माका तोंडी सांग," म्हणायचात. तर तोंडीच सांगतेय असं समजा. मध्ये बोलायची तुमची सवय होती, ती आता चालणार नाही.

मी गिरगावातून लालबागला लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही विळीवर तिसऱ्यांचे शिंपले उघडत बसला होतात. माझे वडील कचेरीत हेडक्लार्क, आमच्या घरात मासे कधी शिजले नव्हते. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "काय शिकवतंस तू कॉलेजात?"

"मानववंशशास्त्र."

"म्हणजे काय तां?"

"माणसांच्या संस्कृतीचा अभ्यास."

"खंयच्या माणसांच्या?"

"सगळ्याच."

"मगे आमचीय कर," असं म्हणून तुम्ही दुसरी विळी माझ्याकडे सरकवलीत. "हेच्यापासून सुरू कर."

त्या दिवशी माझं बोट कापलं. तुम्ही त्यावर हळद दाबलीत आणि म्हणालात, "आता तू पास." तुमच्या घरात माझं शिक्षण असं सुरू झालं. ते चांगलं झालं, हे मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर हे लिहिणं सोपं होतं.

दरवर्षी नव्या वर्गाला मी पहिला धडा तोच शिकवते, संस्कृती म्हणजे काय हे आमच्या शास्त्रातल्या लोकांनी सांगायचा कसकसा प्रयत्न केला याचा. आणि दरवर्षी तो धडा आधी तुमच्यासमोर व्हायचा, स्वयंपाकघरात, कांदे चिरताना. एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज पंडिताचं म्हणणं मी तुम्हाला सांगितलं होतं. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, चालीरीती आणि समाजात राहून माणूस जे जे उचलतो, ते सगळं मिळून संस्कृती. यातलं 'उचलतो' महत्त्वाचं, मी म्हणाले. ती रक्तातून येत नाही, शिकावी लागते.

तुम्ही चिरलेला कांदा बाजूला सारलात. "मगे शिकवणारो कडक होयो."

मी हसले होते. तुम्ही हसला नव्हतात.

पुढे कधीतरी सांगितलं की दोन विद्वानांनी नुसत्या व्याख्याच गोळा केल्या, त्या शंभराच्या वर निघाल्या. तुम्ही म्हणालात, "इतक्या जणांनी सांगितल्यानी, म्हणजे एकाकय गावली नाय." हे वाक्य मी वर्गात सांगते. मुलं हसतात. तुम्हाला ते ऐकून बरं वाटलं असतं, आणि तुम्ही तसं दाखवलं नसतंत.

तुमची स्वतःची व्याख्या एका शब्दाची होती. आमच्यात. आमच्यात असं नसतं. आमच्यात सोमवारी मासे नाहीत. आमच्यात सुनेने दाराकडे पाठ करून बसायचं नाही. हे 'आमच्यात' तुम्ही मला सांगायचात, म्हणजे मी त्याच्या बाहेर होते. मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं, अभ्यासकाला बाहेर उभं राहायची सवय असते. मग माझा मुलगा निनाद झाला. दिवस भरायच्या आधीच झाला, इवलासा होता, आणि मी नोकरी सोडायच्या विचारात होते. गावाहून आलेले तुमचे दीर पंक्तीत म्हणाले, आता सुनेनं घरी बसावं. तुम्ही त्यांच्या ताटात भात वाढता वाढता थांबलात.

"आपल्यात बायका हातची कमाई सोडनत नाय," तुम्ही म्हणालात. "पोराक मी बघतंय."

आपल्यात. त्या दिवशी मी पहिल्यांदा आत आले. तुम्ही निनादला खरंच सांभाळलंत, छातीशी बांधून, आणि मी कॉलेजला गेले. माझं पुढचं सगळं, पीएचडी, ही नोकरी, पुस्तकं, त्या एका वाक्यावर उभं आहे. पण आई, आपल्यात तशी काही रीत नव्हती. तुमच्या नणंदांनी, जावांनी, सगळ्यांनी पोरं झाल्यावर कामं सोडली होती, हे तुम्हीच मला कधीतरी सांगितलं होतंत. ती रीत तुम्ही त्या मिनिटाला, भाताची वाटी हातात असताना, तयार केलीत. आणि कुणी ब्र काढला नाही.

म्हणजे तुम्हाला येत होतं. हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. रीत करता येते हे तुम्हाला ठाऊक होतं. माझ्यासाठी केलीत. सुजातावहिनीसाठी केली नाहीत.

वहिनी परळची. माझ्या आधी घरात आली, तुमच्या थोरल्याची, विलासभावोजींची बायको. मी आले तेव्हा पूर्वा रांगत होती. वर्षभरात भावोजींना कावीळ झाली. उतरली असं वाटलं, आणि ते गेले. माझगावच्या गोदीतली त्यांची माणसं जिन्यात उभी होती, वहिनी भिंतीला टेकून बसली होती, आणि तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "पांढऱ्या पायाची."

ते तुम्ही एकदाच म्हणालात. पुन्हा कधी आवाज चढवला नाहीत. तिच्या माहेरचे तिला न्यायला आले तेव्हा तुम्हीच म्हणालात, ती खंय जातली, घर तिचां. तिला दादरला चष्म्याच्या दुकानात काउंटरवर नोकरी मिळाली, तुम्ही जाऊ दिलंत. पूर्वावर जीव टाकलात. आणि वहिनीला सगळ्या चांगल्या गोष्टींच्या वेळी आतल्या खोलीत ठेवलंत. मला सुरमईचा मधला तुकडा यायचा, तिला शेपटीकडचा. मी माझ्या ताटातला तिला द्यायला लागले तर तुम्ही बघायचात. नुसतं बघायचात. तिचाच हात मागे जायचा.

त्या गौरींचं तुम्हाला आठवतं का? म्हणजे, आठवत होतं का, शेवटी सगळं पुसलं जायच्या आधी? चाळीतल्या बायका हळदीकुंकवाला जमल्या होत्या. पूर्वा शाळेत जायला लागली होती. तिने आतून आईला ओढत आणलं, तिचं बोट हळदीच्या वाटीत बुडवलं आणि म्हणाली, "आई, तू पण लाव ना गौरीला." वहिनीचा हात वर गेला होता. मुलीच्या हट्टाने गेला, की तिलाच वाटलं, मला माहीत नाही. तुम्ही तो हात धरलात. तुमच्या पदराने तिचं बोट पुसलंत, नखाच्या कडेचीसुद्धा हळद पुसलीत, सगळ्या बायकांच्या समोर, एखाद्या लहान मुलाचे खरकटे हात पुसावेत तसं. पूर्वा बघत होती. मग तुम्ही वहिनीला घेऊन आत गेलात आणि तिच्या शेजारी स्वतः बसलात. कारण तुम्हीही विधवाच होतात. गिरणीत असलेले सासरे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. नियम तुम्ही आधी स्वतःला लावायचात. तुम्हाला ढोंगी म्हणता आलं असतं तर मला किती बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुम्हाला गाठलं. दूर समुद्रातल्या एका बेटावर राहून आलेला एक संशोधक म्हणतो की प्रत्येक चालीला काहीतरी काम असतं, ती माणसाची कुठलीतरी गरज भागवते. मी म्हणाले, "आई, मला सांगा, कालच्या त्या चालीचं काम काय? कुणाची गरज भागली?"

मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल. तुम्ही हातातला नारळ खवून संपवलात.

"घरात दुःख इलां की तां एका माणसाच्या अंगार ठेवचां," तुम्ही म्हणालात. "नायतर तां घरभर पसरता."

"आणि ते माणूस?"

"त्या माणसान घट्ट रवाचां. मी नाय रवलंय?"

इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या ग्रंथात मिळालं नाही, आणि इतकं निर्दय उत्तरही नाही. मी ते वर्गात सांगते, तुमचं नाव न घेता. मुलं उतरवून घेतात. दुःख ज्याच्या अंगावर ठेवलं ती बाई तेव्हा मागे मोरीत कपडे धूत होती आणि तिला सगळं ऐकू जात होतं, हे मी वर्गात सांगत नाही.

चाळ पाडली, टॉवर झाला. महेश, मी आणि निनाद दादरला राहायला गेलो. लालबागच्या पंधराव्या मजल्यावर तुम्ही, वहिनी आणि पूर्वा. तुम्हाला ते घर कधी आवडलं नाही. "शेजारणीची भांडी वाजलेली आयकाक येनत नाय," म्हणायचात. मग पूर्वाचं लग्न ठरलं, माहीमचा मुलगा, आणि मी ठरवलं की यावेळी तुमच्याशी भांडायचंच. आदल्या दिवशी घर बायकांनी भरलेलं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, पूर्वाला पहिली हळद वहिनी लावेल. वाढवलं तिने आहे."

तुम्ही सोफ्यावर बसला होतात, पाय दुखत होते म्हणून उशी घेऊन. तुम्ही अगदी गोड आवाजात विचारलंत, "मेधा, तूच सांगलेलंस ना गो, तो एक अमेरिकेतलो मास्तर? बर्फातल्या लोकांत रवलेलो?"

मला आठवेना. मग आठवलं. कितीतरी वर्षांपूर्वी मी तुम्हाला सांगितलं होतं की त्या माणसाने संस्कृतीचं अनेकवचन केलं. एकच मोठी संस्कृती आणि तिच्या वरच्या-खालच्या पायऱ्या, असं काही नसतं. प्रत्येकांची आपापली असते आणि एकाच्या पट्टीने दुसऱ्याला मोजायचं नसतं.

"मगे तुझी गिरगावची पट्टी माझ्या लालबागाक कित्याक लावतंस?"

बायका हसल्या. ज्या विचाराने मी आयुष्यभर गोऱ्या साहेबांच्या गर्वावर व्याख्यानं दिली, तोच विचार तुम्ही बटाट्यासारखा सोलून माझ्या हातात दिलात. पण पुढे आमच्याच शास्त्रात काही बाया आल्या आणि त्यांनी विचारलं, ही संस्कृती तुम्हाला सांगितली कुणी? गावातल्या पुढाऱ्याने ना? मागे बसलेल्या बाईला विचारलंत का? ते मला आठवलं. मी म्हणाले, "वहिनी पण आता लालबागचीच आहे. तिला विचारलंत कधी?"

तुम्ही मान हलवलीत, जणू मी रास्त बोलले. आणि हाक मारलीत. "सुजाता, भायर ये गो."

वहिनी ओले हात पुसत बाहेर आली. पंचवीस-तीस बायका तिच्याकडे बघत होत्या. होणाऱ्या विहीणबाईंची बहीणही त्यांत होती.

"तुका होयां काय गो? हळदीक पुढे बसाक? मेधा म्हणता तू बस. तुझां काय तां सांग. माझी ना नाय."

वहिनीने माझ्याकडे पाहिलंच नाही. "नको आई. मेधा करेल."

"झालां समाधान?" तुम्ही मला विचारलंत.

असं विचारणं म्हणजे काय असतं हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मी प्रश्न विचारायला शिकले ते पुस्तकांतून. तुम्हाला प्रश्नाने माणूस कसा दाबायचा ते येत होतं.

दुसऱ्या दिवशी खाली पोडियमवर हळद झाली. पहिली हळद मी लावली. कन्यादानही महेशने आणि मी केलं. तुम्ही दोघी वर पंधराव्या मजल्यावर खिडकीत होतात. तिथून पूर्वाचा चेहरा दिसणं शक्य नव्हतं, दिसला असेल तो पिवळा रंग. वहिनीने मला नंतर सांगितलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "रडा नको. लग्नघरात अपशकुन होता." आणि तिने डोळे पुसले. मी विचारलं, तुला राग नाही आला? ती म्हणाली, "राग ठेवायला जागा कुठे होती, मेधा? घरभर पाहुणे होते." मला वाटलं ती विनोद करतेय.

मग तुमचं विसरणं सुरू झालं. आधी नावं, मग दिवस, मग वर्षं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, आठवण अशीच मागे मागे जाईल, सांभाळून घ्या. त्या जे म्हणतील त्याला हो म्हणा, वाद घालू नका. पूर्वा सासरी होती, महेश रविवारी यायचा, मी कॉलेज सुटल्यावर जमेल तेव्हा. बाकी सगळं वहिनीने केलं. नोकरी सोडून केलं. तुमचं अंथरूण, तुमचं जेवण, तुमची आंघोळ. तुमच्या पाठीला अंथरुणाची एक साधी लाली आली नाही. तसं जपायला कुणाला सांगून येत नाही.

मी एकदा संध्याकाळी आले तेव्हा तुम्ही कपाटाच्या आरशासमोर उभ्या होतात. केस विंचरून घेतले होते, पदर नीट केला होता. आरशातून मला बघून तुम्ही लाजलात. मी तुम्हाला लाजताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"भोंगो झालो," तुम्ही म्हणालात. "हे येतले आता. माझां कुंकू खंय ठेवलां गो?"

स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला, शांत. "आई, आपल्यात चालत नाही."

"कित्याक?"

"मामंजी गेले."

तुम्ही आरशाला हात टेकवलात. "कधी?"

"खूप वर्षं झाली."

आणि तुम्ही रडलात. जुनं दुःख आठवून रडावं तसं ते नव्हतं. तुम्हाला ते आत्ताच कळलं होतं. तुमचा नवरा गिरणीतून निघाला होता आणि वाटेतच मेला होता, त्या मिनिटाला. तुम्ही जमिनीवर बसलात, बांगड्या शोधायला मनगटं चाचपलीत, तिथे काहीच नव्हतं. वहिनी आली, तुम्हाला उठवलं, तोंड पुसलं, पेज भरवली. थोड्या वेळाने तुम्ही सगळं विसरलात.

मी विचारलं, "हे रोज होतं?"

"रोज. संध्याकाळी."

"आणि तू रोज सांगतेस?"

"विचारतात म्हणून सांगते."

पुढच्या खेपेला मी पर्समध्ये कुंकवाची डबी घेऊन आले. तुम्ही आरशासमोर उभ्या होतात, तोच प्रश्न विचारत होतात. मी डबी उघडली. वहिनीने माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, पण झटकलं नाही.

"मेधा, थांब. आयुष्यभर त्यांनी पाळलं. आता शुद्ध नाही म्हणून आपण मोडायचं? उद्या एक मिनिटभर शुद्धीवर आल्या आणि आरशात स्वतःला बघितलं तर? मला काय म्हणतील?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांच्या कलाने घ्या."

"डॉक्टर आपल्यातला नाही."

रात्रंदिवस करणारी ती. आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आई. माझ्यासमोर दोन बायका होत्या. एक, जिने पदराने सुनेच्या नखाची हळद पुसली. दुसरी, आरशासमोर लाजणारी, जिला ती रीत ठाऊकच नव्हती. यातली तुम्ही कोण? शिकलेलं विसरलं की त्याखालचं माणूस खरं, असं म्हणावं, तर कुंकू लावून नवऱ्याची वाट बघणं तरी कुठे जन्मतः येतं? तेही कुणीतरी शिकवलेलंच. शिकवणारो कडक होयो. मी डबी बंद करून पर्समध्ये टाकली. महेशला सांगितलं, तो म्हणाला, "तुम्हा बायकांच्यात मी पडत नाही." तुमचाच मुलगा.

शेवटपर्यंत हे चाललं. तुम्ही रोज संध्याकाळी नव्याने विधवा झालात. कुणीतरी तुम्हाला रोज सांगत होतं, न चिडता, न ओरडता, हातात पेजेची वाटी घेऊन. तुम्हाला याहून मोठी शिक्षा मला सुचली नसती. आणि मला खरं सांगायचं तर, एखाद्या संध्याकाळी तुमचं रडणं ऐकताना माझ्या मनात आलं, बरं झालं. दुसऱ्याच क्षणी तुम्ही लहान मुलासारखं नाक ओढलंत आणि मला तुम्हाला कुशीत घ्यावंसं वाटलं. दोन्ही खरं आहे.

तुम्ही गेलात तेव्हा शेजारणी आल्या. कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "कुंकू नाही ना?" वहिनी म्हणाली, "नाही." तिने तुम्हाला आंघोळ घातली, केस मोकळे करून विंचरले, फिकट निळं पातळ नेसवलं. आणि मग ती अशी रडली की दोघींना तिला धरून ठेवावं लागलं. भावोजी गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. "सून असावी तर अशी," सगळ्या म्हणाल्या.

पूर्वाचे दिवस भरतच आले होते. तुम्ही गेल्यावर थोड्याच दिवसांत तिला मुलगी झाली. परवा बारसं झालं, माहीमला, तिच्या सासरी. विहीणबाई बाळाकडे बघून म्हणाल्या, "पणजीच आली परत." वहिनी एकदम म्हणाली, "असं नका म्हणू." सगळ्यांना वाटलं तिला तुमची आठवण सहन झाली नाही.

पाळणा सजवला होता. पूर्वा बाळाला घेऊन उभी होती आणि तिने हाक मारली, "आई, ये. तू ठेव हिला पाळण्यात." वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी होती. विहीणबाईही म्हणाल्या, "या हो, या. आम्ही काही तसलं मानत नाही." वाट मोकळी होती, आई. अडवायला कुणी नव्हतं. वहिनी पुढे आली, बाळाला हातात घेतलं, त्याच्या टाळूचा वास घेतला. मग वळली आणि बाळ माझ्या हातात दिलं.

"मेधा, तू ठेव."

पूर्वा ओरडलीच. "आई, आता कोण आहे? आजी मेली ना!"

वहिनी आत गेली. मी बाळाला पाळण्यात ठेवलं. बायकांनी पाळणा म्हटला, आत्याने कानात नाव सांगितलं. ते होताच मी आत गेले. ती परातीत घुगऱ्या काढत होती.

"वहिनी, का केलंस असं? तिला किती लागलं ते."

तिने डाव खाली ठेवला. "आईंना मी कुंकू लावू दिलं नाही," ती म्हणाली. "रोज मागायच्या. रोज रडायच्या. मी म्हटलं, आपल्यात चालत नाही. आज मी बाहेर जाऊन बाळाला पाळण्यात घातलं असतं, तर मग चालतं असं झालं असतं ना? मग तेव्हा मी त्यांना जे केलं, ते काय होतं? तू शिकलेली आहेस. तू सांग."

तिने खरंच थांबून माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगेन असं तिला वाटत होतं.

बाहेरून कुणीतरी घुगऱ्या मागितल्या. वहिनीने वाट्या भरून ताट माझ्यासमोर धरलं.

"जा. सवाष्णीने वाटायच्या असतात."

आई, मी ताट घेतलं आणि बाहेर गेले.